संगणक-प्रारंभ व प्रारंभदोष

वीजपुरवठा सुरू केल्यापासून संगणक वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारू लागेपर्यंत यंत्रात ठराविक क्रमाने ज्या क्रिया घडतात, त्यांना एकत्रितपणे संगणक-प्रारंभ म्हणतात. या क्रियांच्या अखेरीस प्रचालन प्रणाली, म्हणजे व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम या नावाने परिचित असलेली व स्मृती, आदान-प्रदान साधने आणि इतर सर्व आज्ञावली यांचे नियंत्रण करणारी मुख्य आज्ञावली, कार्यान्वित होते. हा क्रम मध्येच खंडित होऊन यंत्र एका जागी अडकून पडले, पुनःपुन्हा आरंभाकडे परत जाऊ लागले किंवा त्रुटीची सूचना दाखवून थांबले, तर त्यास प्रारंभदोष म्हणतात.

संगणकातील इतर दोषांहून हा दोष एका बाबतीत मूलतः वेगळा आहे. चालू यंत्रात काही बिघडल्यास प्रचालन प्रणाली त्याची नोंद करते, पडद्यावर सूचना देते व पुष्कळदा दोषी आज्ञावली बाजूला काढून उरलेले काम चालू ठेवते. प्रारंभकाली मात्र नोंद करणारी प्रणाली स्वतःच अद्याप अस्तित्वात आलेली नसते. यामुळे यंत्र कोठे अडकले हे बाहेरून कळावे, यासाठी वाटेवर आगाऊ खुणा ठेवाव्या लागतात. तसेच नेहमीचा मार्ग बंद झाल्यास त्याहून साधा असा दुसरा मार्ग राखून ठेवावा लागतो. संगणक-प्रारंभाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या खुणांचा व या पर्यायी मार्गांचा इतिहास आहे.

संज्ञा : प्रारंभक्रियेस इंग्रजीत ‘बूटस्ट्रॅपिंग’ व संक्षेपाने ‘बूट’ असे म्हणतात. पायातील बुटाच्या मागील पट्ट्यास धरून स्वतःलाच वर उचलण्याच्या अशक्य कोटीतील कल्पनेवरून ही संज्ञा आलेली आहे. आज्ञावली स्मृतीत आणण्यासाठी आज्ञावलीच लागते, मग पहिली आज्ञावली कोण आणणार, हा पेच तीत सूचित होतो. हा पेच सोडविण्याची रीत सर्व काळांत एकच राहिली आहे. यंत्ररचनेतच अंतर्भूत असलेली अत्यंत लहान आज्ञावली तिच्याहून मोठी आज्ञावली आणते, ती आणखी मोठी आणते, आणि अशा रीतीने साखळीची शेवटची कडी म्हणून प्रचालन प्रणाली स्मृतीत येते. साखळीतील प्रत्येक कडी पुढच्या कडीवर नियंत्रण सोपवून बाजूला होते. दोष बहुधा या सोपवणीच्या जागी प्रकट होतो.

आरंभीची यंत्रे : मँचेस्टर विद्यापीठातील प्रायोगिक संगणकावर २१ जून १९४८ रोजी स्मृतीत साठविलेली पहिली आज्ञावली चालविण्यात आली. ती स्विचांच्या साहाय्याने हाताने भरावी लागे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपले पहिले काम पूर्ण केले. त्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांची ‘प्रारंभिक आज्ञावली’ लिहिली होती. दूरध्वनी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्विचांवर ती तारांच्या जोडणीने कायमची बसविलेली होती. प्रारंभाचे बटण दाबताच ती स्मृतीत उतरे व मग छिद्रित कागदी फितीवरील आज्ञा वाचू लागे. त्याच वर्षी तिची ४१ आज्ञांची सुधारित आवृत्ती तयार झाली. या यंत्राचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे, की आपल्या उर्वरित आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, याची जाणीव त्यांना याच काळात झाली. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या ७०१ या संगणकात (१९५२) छिद्रित पत्र, चुंबकीय फीत किंवा चुंबकीय पिंप यांपैकी निवडलेल्या साधनावरून पहिला शब्द स्मृतीत आणणारे स्वतंत्र बटण होते.

निर्वात नलिकांच्या या काळात यंत्र सुरू न झाल्यास दोष यंत्रात आहे की आज्ञावलीत, हाच पहिला प्रश्न असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या व पुढे टिफ्रॅक हे नाव मिळालेल्या संगणकात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती. अशा यंत्रातील एखादी नलिका अशक्त झाली, तरी निर्दोष आज्ञावली चुकीची वागू शके. म्हणून दिवसाच्या आरंभी ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे अशा चाचणी-आज्ञावली चालवून यंत्राची खात्री करून घेण्याची प्रथा त्या काळात पडली. यंत्र व आज्ञावली यांचा संशय वेगवेगळा करणे, हे दोषनिदानाचे पहिले तत्त्व येथून रूढ झाले.

दिवे व स्विच : आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी घोषित केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेत चालक प्रारंभ-साधनाचा पत्ता तीन चकत्या फिरवून निश्चित करी व बटण दाबी. त्यासरशी त्या साधनावरील पहिली २४ अक्षरे, म्हणजे बाइट, स्मृतीच्या आरंभी येत आणि पुढील वाचन त्यांच्या आधारे होई. प्रारंभ अशक्य झाल्यास प्रणाली एक सांकेतिक अंक मागे ठेवून यंत्र प्रतीक्षावस्थेत नेई. हा अंक नियंत्रण-फलकावरील दिव्यांवरून वाचून चालक त्याचा अर्थ पुस्तिकेत पाहत असे. यंत्राने थांबण्यापूर्वी एक शब्द उच्चारावा, अशी ही व्यवस्था होती.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-८ या लघुसंगणकात (१९६५) प्रारंभिक आज्ञावली बारा स्विचांच्या ओळीवरून एकेक शब्द करून हाताने भरली जाई. या यंत्राची स्मृती चुंबकीय गाभ्यांची असल्याने वीज बंद झाली तरी भरलेला मजकूर टिके. त्यामुळे प्रारंभिक आज्ञावली स्मृतीच्या टोकाशी राखून ठेवीत. मात्र एखादी भरकटलेली आज्ञावली तिच्यावर दुसरेच काही लिहून टाकी. मग ती पुन्हा भरणे भाग पडे व अनेक चालकांना ती मुखोद्गत झालेली असे. यंत्र अडकल्यास फलकावरील दिव्यांवरून ते कोणत्या पत्त्यावर थांबले हे दिसे. दिव्यांची तीच आकृती पुनःपुन्हा लुकलुकत असेल, तर ते एखाद्या वर्तुळात फिरत असल्याचे कळे. सत्तरीच्या दशकात अर्धसंवाहक स्मृती प्रचारात आली. ती स्वस्त व वेगवान होती. पण वीज जाताच कोरी होई. परिणामी प्रारंभिक आज्ञावली केवळ वाचता येणाऱ्या कायम स्मृतीत बसविणे आवश्यक झाले. यानंतर स्विच व दिव्यांचे फलक लोप पावले. त्यांच्याबरोबर यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याची एक सोपी खिडकीही बंद झाली.

वैयक्तिक संगणक : १२ ऑगस्ट १९८१ रोजी घोषित झालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात कायम स्मृतीतील आज्ञावलीस ‘बायोस’ हे नाव होते. ते गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या प्रचालन प्रणालीतून आलेले होते. वीज येताच बायोस प्रथम यंत्राची स्वपरीक्षा घेई. सर्व ठीक असल्यास ध्वनिक्षेपकातून एक आखूड आवाज येई. दोष आढळल्यास आवाजांची संख्या व लांबी बदले. आकृती दाखविणारा भागच बिघडला असेल तर पडद्यावर काही लिहिणे व्यर्थ, म्हणून ध्वनीची योजना होती. पडदा चालू असल्यास सांकेतिक अंक दिसत; उदा., स्मृतीचा दोष २०१, कळफलकाचा ३०१, लवचिक तबकडीचा ६०१. १९८४ सालच्या एटी या संगणकात आणखी एक सोय करण्यात आली. स्वपरीक्षेच्या प्रत्येक टप्प्याचा क्रमांक एका ठराविक निर्गमद्वारावर पाठविला जाऊ लागला व छोटी पट्टी खोचून तो अंकांत वाचता येऊ लागला. शेवटी दिसणारा अंक म्हणजे यंत्र जेथे अडकले तो टप्पा.

स्वपरीक्षेनंतर बायोस तबकडीवरील पहिला, ५१२ बाइटांचा विभाग स्मृतीत आणून त्याच्यावर नियंत्रण सोपवीत असे. या विभागात काय आहे याची छाननी होत नसे. या विश्वासाचा पहिला मोठा गैरफायदा १९८६ साली लाहोर येथे तयार झालेल्या ‘ब्रेन’ या संगणक-विषाणूने घेतला. तो लवचिक तबकडीच्या याच विभागात ठाण मांडी. पुढे २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने पुष्कळ संगणकांतील बायोसच पुसून टाकला. त्या यंत्रांत साखळीची पहिली कडीच उरली नाही व स्मृतीची चकती बदलल्यावाचून अथवा पुन्हा लिहिल्यावाचून ती सुरू होईनात.

लिलोची चार अक्षरे : प्रारंभाच्या वाटेवर खुणा ठेवण्याचे नमुनेदार उदाहरण म्हणून लिनक्स प्रणालीच्या ‘लिलो’ या प्रारंभिक आज्ञावलीचा उल्लेख करावा लागतो. ती व्हेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ च्या सुमारास तयार केली. आपल्या नावाची रोमन लिपीतील चार अक्षरे, एल, आय, एल व ओ, ती एकेक करून पडद्यावर उमटवीत असे; प्रत्येक अक्षर एक टप्पा पार पडल्यानंतर उमटे. एकही अक्षर न दिसल्यास लिलोपर्यंत नियंत्रण पोहोचलेच नाही, असे समजावे. केवळ पहिले अक्षर दिसल्यास पहिला भाग सुरू झाला, पण दुसरा भाग तबकडीवरून आणता आला नाही. दोन दिसल्यास दुसरा भाग आला, पण चालला नाही. तीन दिसल्यास तो चालला, पण त्याला आपली कोष्टके वाचता आली नाहीत. चारही दिसल्यास लिलोचे काम पूर्ण झाले व पुढील दोष अन्यत्र शोधावा. ५१२ बाइटांच्या मर्यादेत सविस्तर सूचना लिहिण्यास जागा नव्हती. तरीही चार अक्षरांत पाच निष्कर्ष सांगण्याची ही युक्ती फार उपयुक्त ठरली. लिलोचा विकास २०१५ अखेर थांबला.

पर्यायी मार्ग : मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस प्रणालीत प्रारंभकाली वाचल्या जाणाऱ्या दोन संचिकांत चुकीची ओळ असल्यास यंत्र अडके. १९९३ सालच्या सहाव्या आवृत्तीत एफ-५ ही कळ दाबून त्या संचिका पूर्णपणे वगळण्याची व एफ-८ दाबून प्रत्येक ओळ विचारून चालविण्याची सोय झाली. विंडोज ९५ मध्ये (१९९५) किमान साधनांनिशी सुरू होणारी ‘सुरक्षित अवस्था’, म्हणजे सेफ मोड, आली. आधीचा प्रारंभ फसला असल्यास प्रणाली स्वतःच ती सुचवी. याच प्रणालीत जोडलेली साधने शोधताना प्रत्येक धोक्याच्या पायरीची नोंद ती पायरी चढण्यापूर्वी तबकडीवर केली जाई. यंत्र तेथेच अडकले व वीज बंद करून पुन्हा सुरू करावे लागले, तर ती नोंद वाचून नेमकी तेवढीच पायरी वगळली जाई. विंडोज एनटीमध्ये (१९९३) शेवटच्या यशस्वी प्रारंभाची मांडणी जपून ठेवलेली असे. प्रारंभ यशस्वी झाला असे केव्हा मानावे, या प्रश्नाचे उत्तर तीत वापरकर्त्याचा प्रवेश पार पडल्यावर, असे दिलेले होते. यूनिक्स परंपरेतील प्रणालींत एकाच चालकासाठी मोजक्या सेवांसह सुरू होणारी अवस्था पूर्वीपासून आहे.

काही दोष मात्र आज्ञावलीत वा यंत्रात स्वतंत्रपणे दिसत नाहीत. ते दोहोंच्या संयोगातून उद्‌भवतात. विंडोज ९५ मधील एक भाग ठराविक फेऱ्यांची गणना करून काळ मोजत असे. १९९८ साली एएमडी कंपनीचा के६-२ हा प्रक्रियक बाजारात आला. त्याच्या ३५० मेगाहर्ट्‌झ व त्यावरील प्रकारांत या फेऱ्या इतक्या झपाट्याने पूर्ण होत, की मोजलेला काळ शून्यवत् ठरून त्याने करावयाचा भागाकार अशक्य होई व प्रारंभ अधूनमधून त्रुटीने थांबे. प्रक्रियक निर्दोष होता आणि आज्ञावली अनेक वर्षे निर्वेध चालली होती. तिच्यातील एक अव्यक्त गृहीतक तेवढे कालबाह्य झाले होते. याच सुमारास सु. ३३·८ गिगाबाइटांहून मोठ्या तबकड्या जोडताच काही जुन्या संगणकांचे बायोस स्वपरीक्षेतच अडकत. त्यावर तोड म्हणून उत्पादकांनी तबकडीची क्षमता मुद्दाम कमी भासविणारी जोडखूण तबकडीवरच दिली.

स्पिरिट यानाचा प्रारंभदोष : प्रारंभदोषाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेचे स्पिरिट हे भ्रमणयान जानेवारी २००४ च्या आरंभी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरले. २१ जानेवारी रोजी त्याच्याकडून येणारी माहिती बंद झाली. नंतर आलेल्या त्रोटक संकेतांवरून असे दिसले, की यानावरील संगणक सुरू होतो, अडकतो व पुन्हा आरंभाकडे जातो. असे साठांहून अधिक वेळा घडले. प्रारंभ पूर्ण होत नसल्याने यान रात्री ठरल्याप्रमाणे निद्रिस्तही होत नव्हते व त्याच्या विद्युत् घटमाला रित्या होत होत्या. यान सतरा कोटी किमी.हून अधिक दूर होते. तेथे जाऊन कोणी कळ दाबणे शक्य नव्हते.

पॅसाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी संशयाची दिशा फ्लॅश स्मृतीकडे, म्हणजे वीज नसतानाही मजकूर टिकविणाऱ्या स्मृतीकडे, वळविली. प्रारंभकाली ती न वापरता केवळ तात्पुरत्या स्मृतीवर यंत्र सुरू करण्याची आज्ञा यानात आधीच योजलेली होती. ती पाठविताच यान स्थिर झाले व संवाद पुन्हा सुरू झाला. दोष व्हीएक्सवर्क्स या प्रचालन प्रणालीबरोबर वापरलेल्या संचिका-व्यवस्थेच्या मांडणीत होता. पृथ्वी सोडल्यापासून फ्लॅश स्मृतीत हजारो संचिका साठल्या होत्या व त्यांच्या सूचीसाठी तात्पुरत्या स्मृतीत लागणारी जागा वाढत गेली होती. संचिका काढून टाकल्या तरी सूचीचा विस्तार घटत नसे. अखेर जागा अपुरी पडून यंत्र थांबले. पुन्हा सुरू होताना ते पहिले काम म्हणून तीच सूची स्मृतीत मांडू पाही, पुन्हा जागा अपुरी पडे, आणि हे चक्र चालू राही. नको असलेल्या संचिका काढून व फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश स्मृती पुसून नव्याने आखल्यावर यान पूर्ववत् काम करू लागले. तीन महिन्यांच्या मोहिमेसाठी पाठविलेल्या या यानाशी शेवटचा संपर्क २२ मार्च २०१० रोजी झाला. एका पर्यायी प्रारंभमार्गाने त्याला सहा वर्षांचे आयुष्य मिळवून दिले.

सुरक्षितता व दुरुस्ती यांतील ताण : बायोसची जागा हळूहळू यूईएफआय या नव्या रचनेने घेतली, तिच्या प्रमाणीकरणासाठी २००५ मध्ये उत्पादकांचा मंच स्थापन झाला. २०११ च्या आवृत्तीपासून तीत साखळीतील प्रत्येक कडीची सांकेतिक स्वाक्षरी तपासूनच नियंत्रण सोपविण्याची सोय सर्वत्र रूढ होऊ लागली. तबकडीवरील मजकूर सांकेतिक करून ठेवण्याची पद्धतीही प्रसृत झाली. विषाणूंचा जुना मार्ग यामुळे अरुंद झाला. परंतु दुरुस्तीसाठी आत शिरणाऱ्यालाही तेच कुलूप आड येऊ लागले.

याची प्रचिती १९ जुलै २०२४ रोजी आली. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीची एक सदोष माहिती-संचिका भारतीय प्रमाण वेळेनुसार सकाळी ९·३९ वाजता जगभर पाठविली गेली. तीत २१ घटक अपेक्षित धरले होते; आज्ञावली प्रत्यक्षात २० पुरवीत होती. एकविसावा वाचताना ती स्मृतीच्या हद्दीबाहेर गेली व विंडोज प्रणाली कोसळली. ही सुरक्षा-आज्ञावली प्रारंभाच्या सुरुवातीसच स्मृतीत येत असल्याने यंत्र पुन्हा सुरू करताच तेच घडे. कंपनीने ७८ मिनिटांत संचिका मागे घेतली. पण ज्या यंत्रांत ती पोहोचली होती, त्यांना दुरुस्ती स्वीकारण्याइतका वेळही सुरू राहता येत नव्हते. काही यंत्रे अनेकवार चालू-बंद केल्यावर सुधारित संचिका मिळवू शकली; बाकीच्यांपाशी प्रत्यक्ष जाऊन, सुरक्षित अवस्थेत ती एक संचिका हाताने काढून टाकावी लागली. मजकूर सांकेतिक केलेला असल्यास प्रत्येक यंत्राची लांबलचक पुनःप्राप्ती-किल्ली भरणे आवश्यक होते. काही ठिकाणी या किल्ल्या बंद पडलेल्या संगणकांवरच ठेवलेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख संगणकांना याची झळ पोहोचली. रुग्णालये, बँका व विमानसेवा यांचे व्यवहार अडले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली.

दोषनिदानाची रीत : वरील उदाहरणांतून एक सर्वसाधारण क्रम निष्पन्न होतो. प्रथम यंत्र खरोखर अडकले आहे की मंदगतीने काम करीत आहे, हे ठरवावे. तबकडीची तपासणी चालू असताना किंवा जाळ्यातील प्रतिसादाची वाट पाहताना प्रारंभास पुष्कळ वेळ लागू शकतो व अशा वेळी वीज तोडल्यास नसलेला दोष निर्माण होतो. त्यानंतर शेवटची खूण कोणती दिसली, हे पाहून दोष स्वपरीक्षेत, प्रारंभिक आज्ञावलीत, प्रणालीच्या गाभ्यात की वापरकर्त्याच्या प्रवेशानंतरच्या सेवांत आहे, हे निश्चित करावे. नव्वदीच्या दशकापासून प्रारंभकालीन सूचनांवर शोभेचे चित्र झाकण्याची प्रथा पडली आहे. निदानासाठी ते दूर करावे; विंडोज ९५ मध्ये त्यासाठी एस्केप ही कळ होती, तर लिनक्समध्ये प्रारंभ-आज्ञेतील ‘क्वाएट’ हा शब्द वगळतात. पुढची पायरी म्हणजे अत्यावश्यक नसलेली जोडसाधने काढून किमान मांडणीने प्रारंभ करून पाहणे. तो यशस्वी झाल्यास एकेक घटक परत जोडीत जावे. एकाच वेळी दोन बदल केल्यास कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही. अलीकडे काय बदलले, याची नोंद पाहणे नेहमीच फलदायी ठरते. किमान मांडणीनेही प्रारंभ होत नसेल, तर वेगळ्या माध्यमावरील प्रणालीने यंत्र सुरू करून पाहावे. ते सुरू झाल्यास यंत्र बहुधा निर्दोष असून दोष मूळ तबकडीत किंवा तीवरील प्रणालीत असतो. तबकडीच क्षीण झाल्याचा संशय असेल, तर दुरुस्तीपूर्वी तीवरील मजकुराची प्रत काढावी. दुरुस्तीची साधने तबकडीवर लिहितात व कधीकधी उरलेसुरलेही नाहीसे करतात.

एडसॅकच्या ३१ आज्ञांपासून आजच्या कोट्यवधी बाइटांच्या प्रारंभ-साखळीपर्यंत यंत्रांचा विस्तार कल्पनातीत वाढला, तरी या विषयातील मूळ तत्त्व बदललेले नाही. सुटकेचा मार्ग हा बंद पडलेल्या मार्गापेक्षा कमी गोष्टींवर अवलंबून असावा लागतो. स्पिरिट यानात तो तसा होता, म्हणून ते वाचले. २०२४ च्या घटनेत पुष्कळ ठिकाणी दुरुस्तीची किल्लीच कुलूपबंद खोलीत राहिली, म्हणून ७८ मिनिटांत मागे घेतलेल्या चुकीच्या निस्तरणीस कित्येक दिवस लागले.